आंतरराष्ट्रीय पीआर पुरस्कारांची प्रवेशिका: कुठे पाठवायची, कशी लिहायची, कुठे घसरते

कात्रणवही (धागाकर्ता)

लोकलचं तिकीट हेच लॉटरीचं तिकीट, एवढ्या एका कल्पनेवर एफसीबी इंडिया या जाहिरात एजन्सीने भारतीय रेल्वेसाठी केलेली 'लकी यात्रा' ही मोहीम २०२५ साली कान्स लायन्स या जाहिरात महोत्सवाच्या पीआर (जनसंपर्क) विभागात ग्रां प्री, म्हणजे सर्वोच्च पुरस्कार, घेऊन आली. तेव्हापासून लहानमोठ्या एजन्स्यांत आणि कंपन्यांच्या जनसंपर्क विभागांत 'यंदा आपणही बाहेर काहीतरी पाठवू' असं वारं आहे. वारं चांगलंच आहे. पण प्रवेशिका पहिल्या फेरीत पडते तेव्हा मोहीम वाईट होती असं क्वचितच असतं. बहुतेकदा कागद कच्चा असतो. त्या कागदाबद्दल हा धागा.

आधी कुठे पाठवायचं ते. प्रत्येक स्पर्धेची भूक वेगळी आहे, आणि एकच मजकूर पाच ठिकाणी चिकटवणं हा सगळ्यात महागडा आळस.

कान्स लायन्स १९५४ पासून जाहिरातींसाठी आहे, पीआरचा विभाग त्यात २००९ ला आला. त्या वर्षीची ग्रां प्री क्वीन्सलँड पर्यटनाच्या 'जगातली सर्वोत्तम नोकरी'ला मिळाली. ग्रेट बॅरियर रीफमधल्या बेटावर राखणदार पाहिजे, मुदत सहा महिने, पगार दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. नोकरीची साधी जाहिरात जगभर बातमी झाली. कान्सला काय लागतं ते यावरून ओळखा: शेजाऱ्याला एका वाक्यात सांगता येईल अशी कल्पना. तिथल्या पीआर विभागात गुणांची वाटणी कल्पना २०, रणनीती ३०, अंमलबजावणी २०, परिणाम ३० टक्के अशी राहिली आहे. तरी तिथे केस फिल्मचा (मोहीम समजावून सांगणाऱ्या छोट्या फिल्मचा) दबदबा फार, त्यामुळे पीआर विभागातही जाहिरात एजन्स्याच जास्त जिंकतात ही जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे.

अमेरिकेच्या पीआर सोसायटीचं सिल्व्हर ॲनव्हिल अगदी उलट. तिथे संशोधन, नियोजन, अंमलबजावणी, मूल्यमापन या चार पायऱ्या आणि त्यांचा दोन पानांचा सारांश. चमक कमी असली तरी चालते, पायरी गळलेली चालत नाही. आयएबीसी या व्यावसायिक संवादकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या गोल्ड क्विलमध्ये कार्ययोजना आणि कामाचा नमुना असे दोन भाग देतात, सातच्या पट्टीवर गुण मिळतात आणि परीक्षकांचा लेखी अभिप्राय येतो. पहिल्यांदाच पाठवणाऱ्याने हरायचंच असेल तर तिथे हरावं, निदान का हरलो ते कळतं. इप्रा या आंतरराष्ट्रीय जनसंपर्क संघटनेचे गोल्डन वर्ल्ड पुरस्कार १९९० पासून आहेत, जगभरच्या सरकारी आणि सामाजिक मोहिमा तिथे बऱ्याच दिसतात. सेबर पुरस्कार विभागवार आहेत, त्यात दक्षिण आशियाचा वेगळा गट आहे. आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या कामाला तो दरवाजा सोयीचा.

नियम दरवर्षी थोडे हलतात. गेल्या वर्षीची एंट्री किट (नियमांची पुस्तिका) उघडून बसू नका.

तिरकस

आणि त्या ईमेलचं काय? 'अभिनंदन, आपल्या संस्थेची आशियातील सर्वोत्कृष्ट म्हणून निवड झाली आहे, कृपया अमुक डॉलर भरून ट्रॉफी निश्चित करा.' आमच्या भागात यालाही आंतरराष्ट्रीय पुरस्कार म्हणतात. पेपरात फोटोही येतो.

कात्रणवही

@तिरकस, तो पुरस्कार नाही, ती खरेदी आहे. ओळखायला तीन प्रश्न पुरतात. अर्ज न करता निवड झाली का? परीक्षकांची नावं आणि हुद्दे संकेतस्थळावर आहेत का? गेल्या वर्षीच्या विजेत्यांनी नेमकं काय काम केलं ते कुठे वाचायला मिळतं का? पहिल्याचं उत्तर 'हो' आणि बाकी दोन्हींचं 'नाही' असेल तर ईमेल उडवा.

मात्र प्रवेश शुल्क घेतात म्हणजे खोटं, असं नाही. वर नावं घेतलेल्या स्पर्धाही शुल्क घेतात. जास्तीची ट्रॉफी, समारंभाच्या टेबलावरची खुर्ची यांचेही पैसे वेगळे पडतात. तो खर्च क्लायंट देणार की एजन्सी, हे प्रवेशिका पाठवण्यापूर्वी लेखी ठरवून घ्या. जिंकल्यावर या विषयावर भांडणं होतात.

शून्य_बजेट

नेमका प्रश्न विचारतो. समजा एका नगरपरिषदेसाठी ओला-सुका कचरा वेगळा करण्याची मोहीम झाली. सहा महिने, चार प्रभाग, साधारण ६,००० घरं. खर्च फार नाही. भित्तिपत्रकं, शाळा, घंटागाडीवरची ध्वनिफीत, वॉट्सॲप गट, स्थानिक पेपरांतल्या बातम्या. हे कुठल्या गटात टाकायचं? पर्यावरण, सार्वजनिक क्षेत्र, समाजसंपर्क, कमी बजेट, सगळ्यांत बसतंय. आणि दोन पानांत काय काय मावणार?

मृण्मयी_पी

सगळ्यांत बसतंय म्हणजे सगळ्यांत पाठवायचं असं नाही. गट साधारण तीन जातींचे असतात: क्षेत्र (सरकारी, आरोग्य, बँकिंग), तंत्र (माध्यमसंपर्क, अंतर्गत संवाद, संकटकाळ) आणि भूगोल. परीक्षक गटाच्या नावाच्या चष्म्यातून वाचतो. 'समाजसंपर्क' गटात तो विचारणार की लोक निर्णयात होते की फक्त ऐकत होते? 'कमी बजेट' गटात विचारणार, रुपया कुठे वाचवला आणि त्यामुळे काय वेगळं सुचलं? त्यामुळे दोन गटांत पाठवायचं तर उद्दिष्ट आणि आकडे तेच ठेवून सुरुवात आणि भर बदलावा लागतो. तुमच्या उदाहरणात मी सार्वजनिक क्षेत्र आणि समाजसंपर्क हे दोनच घेईन. पर्यावरणात मोठ्या कंपन्यांची गर्दी असते, शिवाय तिथे कार्बनचा हिशेब मागू शकतात आणि तो तुमच्याकडे नसणार.

आता दोन पानं. साधारण १,००० शब्द मावतात. बहुतेक जण त्यातले ६०० 'आम्ही काय काय केलं' यावर घालवतात: इतकी पथनाट्यं, इतक्या शाळा, इतकी पत्रकं. मी वाटणी अशी करेन: परिस्थिती १२० शब्द, संशोधन २००, उद्दिष्टं आणि रणनीती २५०, अंमलबजावणी १५०, मूल्यमापन २८०. परिस्थिती सोडली तर अंमलबजावणी सगळ्यात कमी, कारण तिचा पुरावा जोडपत्रांत आणि फिल्ममध्ये दिसतोच.

सगळी प्रवेशिका उद्दिष्टाच्या वाक्यावर उभी असते. 'नागरिकांत कचरा वर्गीकरणाबाबत जागृती करणे' हे उद्दिष्ट नाही, ते भाषण आहे. 'चार प्रभागांतल्या ६,००० घरांपैकी कचरा वेगळा करून देणारी घरं सहा महिन्यांत ३१ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेणे' हे उद्दिष्ट. कोण, काय, कुठून कुठे, कधीपर्यंत, चारही त्यात आहे. आणि मूल्यमापनाच्या रकान्यात याच वाक्याचं उत्तर याच क्रमाने यायला हवं. उद्दिष्टात वर्गीकरण आणि निकालात फेसबुकचे लाइक, ही घसरण इतकी सर्रास दिसते की परीक्षक आधी उद्दिष्ट वाचून थेट मूल्यमापनावर उडी मारतात. मधलं नंतर वाचतात, वाचलंच तर.

संशोधनाच्या रकान्यात सर्वेक्षणाचा आकडा टाकून थांबू नका. त्या सर्वेक्षणाने तुमचा कुठला निर्णय बदलला ते लिहा. उदाहरणार्थ, लोकांना वर्गीकरण माहीत आहे पण 'घंटागाडीवाला पुढे एकत्रच टाकतो, मग आम्ही कशाला?' ही खरी अडचण निघाली, तर मोहिमेचा पहिला महिना घरांवर नव्हे, गाडीवरच्या कर्मचाऱ्यांवर आणि गाडीतल्या दोन कप्प्यांवर खर्च झाला असं दाखवता येतं. एवढा एक दुवा दिसला की संशोधनाचे गुण वसूल.

गणितमास्तर

वरच्या ३१ आणि ५० मुळे मध्ये पडतो. आकडा कसा मोजला हे लिहिलं नाही तर परीक्षकांत एखादा मोजमापवाला बसलेला असतो, तो तिथेच पेन खाली ठेवतो.

आधी ४०० घरांचा नमुना, नंतर ४०० घरांचा. ९५ टक्के विश्वासपातळीला एका सर्वेक्षणातली चूक साधारण अधिक-उणे ५ अंश (टक्केबिंदू). पण दोन सर्वेक्षणांतला फरक मोजताना दोन्हींकडची चूक येते. समजा ३१ वरून ३६ झालं. या नमुन्यात सुमारे साडेसहा अंशांच्या आतला फरक नुसत्या योगायोगानेही दिसू शकतो, म्हणजे ३६ हे यश म्हणून मांडता येत नाही. ३१ वरून ५० झालं तर शंका नाही. छोटी वाढ सिद्ध करायची असेल तर नमुना मोठा हवा, आणि तो निर्णय मोहिमेआधी घ्यावा लागतो, प्रवेशिकेच्या आदल्या रात्री नाही.

दुसरं, ४०० घरं दोनच सोसायट्यांतून घेतली तर ती ४०० नव्हेत. एका जिन्यातली घरं एकमेकांसारखी वागतात. चारही प्रभागांत, चाळ-बंगला-सोसायटी सगळीकडे पसरवा.

तिसरं, आणि हे फुकट आहे: मोहीम न झालेला एक प्रभाग मोजून ठेवा. तिथेही ३१ चं ४५ झालं असेल तर तुमच्या ५० मधला तुमचा वाटा थोडाच. तसं झालं नसेल तर परीक्षकाने विचारण्याआधीच तुम्ही उत्तर दिलंत.

मृण्मयी_पी

+१. यात एक जोड. त्याच काळात नगरपरिषदेने दंड सुरू केला असेल तर तो लपवू नका. 'चौथ्या महिन्यात दंड सुरू झाला, तोपर्यंत प्रमाण ४४ वर आलं होतं, पुढची वाढ दोन्हींची मिळून' असं सरळ लिहा. परीक्षक जनसंपर्कातच मुरलेले असतात, कागदावर सगळं श्रेय एकट्याने घेणारा त्यांना लगेच कळतो.

आणि सर्वेक्षणाशिवाय एक कोरडा पुरावा जोडा. खतप्रकल्पावरच्या वजनकाट्याच्या पावत्या. दररोज किती ओला कचरा वेगळा आला याच्या सहा महिन्यांच्या पावत्यांची बेरीज ही लोकांच्या तोंडी उत्तरापेक्षा भक्कम. लोक सर्वेक्षणात 'हो, वेगळा करतो' म्हणतात, काटा म्हणत नाही.

जुना_डेस्क

एव्हीईबद्दल, म्हणजे बातमीच्या जाहिरात-किमतीबद्दल, कोणी बोलणार का? क्लायंटला आकडा लागतो. 'इतक्या बातम्या आल्या, त्याच जागेत जाहिरात दिली असती तर इतके लाख लागले असते.' अध्यक्षांना, नगरसेवकांना हे कळतं. ते सगळं खोटं कसं?

कात्रणवही

खोटं म्हणण्यापेक्षा ते भलत्याच प्रश्नाचं उत्तर आहे. हिशेब उघडून दाखवतो. तीन कॉलम रुंद, २० सेंटिमीटर उंच बातमी म्हणजे ६० कॉलम सेंटिमीटर. समजा एका कॉलम सेंटिमीटरचा दर हजार रुपये, झाले ६० हजार. मग कोणीतरी म्हणतं, बातमी जाहिरातीपेक्षा विश्वासार्ह, म्हणून तिप्पट करा. झाले १ लाख ८० हजार. आता एकेक पायरी बघा. दरपत्रकाचा दर कोणीच देत नाही, घासाघीस होते. तिपटीला आधार नाही. बातमीत मोहिमेवर टीका असेल तरी लांबी-रुंदी तीच. आणि मुख्य म्हणजे हा आकडा जागेची किंमत सांगतो, घरातल्या डब्याबद्दल काहीच सांगत नाही.

मोजमाप करणाऱ्या संस्थांच्या एमेक या संघटनेच्या परिषदेत २०१० साली बार्सिलोनात जी तत्त्वं ठरली त्यांत हे स्पष्ट लिहिलं गेलं की एव्हीई म्हणजे जनसंपर्काचं मूल्य नव्हे. ती तत्त्वं पुढे २०१५ आणि २०२० मध्ये सुधारली गेली, हा मुद्दा तसाच राहिला. आज काही स्पर्धांत एव्हीई दिली की मूल्यमापनाला शून्य. जिथे नियमात नाही, तिथेही परीक्षकाच्या मनात आहेच. क्लायंटच्या मासिक अहवालात द्यायचीच असेल तर द्या, प्रवेशिकेत नको.

त्या जागी काय? चार पायऱ्या लक्षात ठेवा. आपण काय बाहेर टाकलं, लोकांच्या डोक्यात काय उतरलं, लोक काय वेगळं वागले, आणि त्याने गावाचं किंवा संस्थेचं काय बदललं. कात्रणं पहिल्या पायरीवर आहेत. ती वर चढवायची तर त्यांतला मजकूर मोजा. समजा ४६ बातम्या आल्या. त्यांपैकी कितींत 'कुठल्या डब्यात काय' हे नीट होतं? कितींत गाडीची वेळ होती? कितींत फक्त उद्घाटनाचा फोटो आणि मान्यवरांची नावं होती? '४६ पैकी २९ बातम्यांत वर्गीकरणाची कृती अचूक' हे एक वाक्य एव्हीईच्या अख्ख्या तक्त्याला भारी आहे. फोटोवाल्या बातम्या किती हेही लिहा. प्रामाणिक वाटतं, कारण आहेच.

जुना_डेस्क

पटलं बऱ्यापैकी. मग पोहोच तरी द्यायची ना?

कात्रणवही

द्या, पण बेरीज करताना भान ठेवा. प्रत्येक पेपरचा वाचकवर्ग, प्रत्येक संकेतस्थळाचे महिन्याचे सगळे वाचक, वाहिनीचे सगळे प्रेक्षक, असं एकावर एक रचत गेलं की मराठी मोहिमेची पोहोच ४० कोटी निघते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. परीक्षकाला महाराष्ट्र कुठे आहे हे माहीत नसलं तरी गुणाकार येतो. खप आणि वाचकसंख्या यांची सरमिसळ करू नका, आणि इंडियन रीडरशिप सर्व्हेचे २०१९ चे आकडे वापरत असाल तर साल शेजारी लिहा. चार प्रभागांची मोहीम असेल तर त्या चार प्रभागांत काय पोहोचलं तेवढंच सांगा. बाकीचं राज्य तुमच्या कामाचं नाही.

लंडनस्थ

भाषेबद्दल लिहितो. आपल्या प्रवेशिका इथे वाचल्या जातात तेव्हा इंग्रजी चुकीचं आहे म्हणून गुण जात नाहीत, संदर्भ कळला नाही म्हणून जातात.

लाख-कोटी बाहेर कळत नाही. १२ लाख म्हणजे १.२ मिलियन, स्वल्पविरामही त्यांच्या पद्धतीने. रुपयांसोबत डॉलर द्या आणि कुठल्या तारखेचा दर धरला ते एकदा लिहा. 'नगरपरिषद' म्हटल्यावर पुढे अर्धं वाक्य हवं: इतक्या लोकवस्तीचं गाव, निवडून आलेली संस्था, मुख्याधिकारी राज्य सरकारचा अधिकारी. घंटागाडीचं शब्दशः भाषांतर केलं तर परीक्षकाच्या डोळ्यांसमोर देवळातली घंटा लावलेली बैलगाडी येते. सरळ लिहा की रोज सकाळी गाणं वाजवत येणारी कचरा गोळा करणारी गाडी. खरं तर असा तपशील परीक्षकाला आवडतोच, फक्त तो समजायला हवा.

आपल्या प्रेसनोटचं शब्दशः इंग्रजी करू नका. 'मान्यवरांच्या शुभहस्ते' चं 'ॲट द ऑस्पिशस हँड्स ऑफ' झालेलं प्रत्यक्ष प्रवेशिकांत असतं. विशेषणंही काढा. अभूतपूर्व, ऐतिहासिक, उत्स्फूर्त प्रतिसाद, हे सगळं गेलं की १,००० शब्दांत शंभरेक शब्द सुटतात, तिथे एक आकडा बसतो.

मराठी कात्रणं जोडताना प्रत्येकावर पेपरचं नाव, तारीख, आवृत्ती आणि दोन ओळींचा इंग्रजी सारांश. पाच-सहा महत्त्वाच्या बातम्यांच्या मथळ्यांचं भाषांतर पुरतं, सगळ्या ४६ नकोत. ई-पेपरची लिंक देऊ नका, काही दिवसांनी लॉगिन मागते. चित्र जोडा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर कॉपी करून फॉर्ममध्ये टाकलात तर तिकडे नुसती अक्षरांची खिचडी दिसते. ध्वनिफितीचे शब्द द्यायचे तर युनिकोडमध्ये टाइप करा, पीडीएफमध्ये फाँट आत रुतवलेला आहे ना ते दुसऱ्या संगणकावर उघडून बघा.

शून्य_बजेट

भारीच. केस फिल्म लागेल का? बजेट माझ्या आयडीत आहे.

एडिट_टेबल

कान्सला फिल्मशिवाय जाऊ नये. गोल्ड क्विल, सिल्व्हर ॲनव्हिल कागदावर चालतात, फिल्म असली तर जोडपत्र. सेबर-इप्राच्या बाबतीत त्या वर्षीच्या फॉर्मवर बघा.

बनवायची तर दोन मिनिटांच्या आत, मर्यादा पाळा. पहिल्या १५-२० सेकंदांत अडचण एका वाक्यात, पुढच्या २० मध्ये कल्पना. ड्रोनने गावाचं दर्शन घडवत सुरुवात करू नका, परीक्षकाने त्या दिवशी तसली तीस गावं पाहिलेली असतात. त्याऐवजी एकाच घरातली बादली, त्यात सगळं एकत्र, आणि गाडीचं गाणं. मराठी आवाज तसेच ठेवा, खाली इंग्रजी उपशीर्षकं. मूळ आवाजावर इंग्रजी निवेदन चढवलं की माणसं मेल्यासारखी वाटतात. आवाज बंद ठेवूनही फिल्म कळते का तपासा, कारण पहिली फेरी अनेक जण लॅपटॉपवर, हेडफोनशिवाय उरकतात.

तांत्रिक बाजू: १९२० बाय १०८०, एच.२६४, एमपी४. कान्समध्ये प्रवेशिकेच्या साहित्यावर एजन्सीचं नाव-लोगो चालत नाही. शेवटच्या पाटीवर सवयीने येतो, तो काढा. हिंदी-मराठी सिनेगीत वापरलं असेल तर हक्क आहेत का? गाडीवर वाजतं म्हणून फिल्ममध्ये वाजवता येत नाही. शाळेतली मुलं आणि सफाई कर्मचारी दिसत असतील तर लेखी संमती, मुलांच्या बाबतीत पालकांची.

आणि फिल्ममधला प्रत्येक आकडा कागदावरच्या आकड्याशी जुळवा. कागदावर ५०, फिल्ममध्ये 'जवळपास ६०', एवढ्यावर प्रवेशिका जाते.

तिरकस

एआयने दोन-चार सीन करून टाकायचे. बजेट वाचलं.

एडिट_टेबल

@तिरकस, गंमत बाजूला. २०२५ मध्ये ब्राझीलच्या एका एजन्सीची ग्रां प्री याच पायी परत गेली. केस फिल्ममध्ये वृत्तवाहिनीची बातमी एआयने फेरफार करून घातली होती. त्यानंतर कान्सने एआयचा वापर जाहीर करण्याचे आणि खोटेपणा सापडल्यास बंदी घालण्याचे नियम कडक केले. एआयने आवाज स्वच्छ करणं, उपशीर्षकांचा कच्चा मसुदा काढणं वेगळं. न झालेला प्रसंग झाला म्हणून दाखवणं, न आलेली बातमी दाखवणं वेगळं. शंका असेल तर फॉर्ममध्ये जाहीर करा. जाहीर केल्याने गुण जात नाहीत.

सही_शिक्का

कागदपत्रांबद्दल कोणी बोललं नाही, आणि तिथेच गाडी अडते.

नगरपरिषदेचं काम असेल तर मुख्याधिकाऱ्यांचं पत्र: काम आमच्यासाठी झालं, या तारखांना झालं, प्रवेशिका पाठवायला परवानगी आहे, सोबतचे आकडे बरोबर आहेत. हे पत्र मोहीम संपल्याच्या आठवड्यात घ्या. सहा महिन्यांनी गेलात तर बदली झालेली असते, आणि नवे साहेब आधीच्यांच्या आकड्यांवर सही करत नाहीत. त्यांचंही चूक नाही. वजनकाट्याच्या पावत्या, सर्वेक्षणाची प्रश्नावली, प्रभागनिहाय तक्ते, सगळ्यांच्या स्कॅन प्रती तेव्हाच काढा.

खाजगी क्लायंट असेल तर विक्रीचे आकडे द्यायला कचरतो. बऱ्याच फॉर्ममध्ये 'फक्त परीक्षकांसाठी, प्रसिद्धीसाठी नाही' अशी खूण करता येते. तीही चालत नसेल तर टक्केवारी किंवा निर्देशांक द्या, आधार १०० धरून. 'विक्रीत लक्षणीय वाढ' असं लिहिण्यापेक्षा तो भाग गाळलेला बरा.

बजेटच्या रकान्यात एजन्सीची फी आणि बाहेरचा खर्च वेगळा दाखवा. स्वयंसेवकांचे तास, फुकट मिळालेली छपाई लपवू नका. कमी बजेटच्या गटात फुकटचं मिळालेलं दडवून 'फक्त इतक्या रुपयांत' म्हटलं की परीक्षक पहिला तोच प्रश्न काढतात.

मुदतीतल्या तारखाही बघा. प्रत्येक स्पर्धेची कामाच्या काळाची चौकट असते. मोहीम आधी सुरू होऊन चौकटीत संपली तर बहुतेक ठिकाणी चालते, पण निकाल चौकटीतले हवेत. श्रेयनामावलीत क्लायंटचं इंग्रजी नाव लेटरहेडवर आहे तसंच, स्पेलिंगसकट. ट्रॉफीवर तेच कोरलं जातं.

शून्य_बजेट

शेवटचे दोन. पैसे कसे भरायचे, आणि शेवटची तारीख म्हणजे आपल्याकडची किती वाजताची?

सही_शिक्का

कार्डने भरत असाल तर त्या कार्डावर आंतरराष्ट्रीय वापर आधी सुरू करा आणि मर्यादा तपासा, शेवटच्या रात्री ओटीपीशी झुंजू नका. बँक परकीय चलनावर साधारण दोन ते साडेतीन टक्के वर लावते. बाहेरच्या संस्थेला दिलेलं शुल्क ही सेवेची आयात, त्यामुळे जीएसटी नोंदणी असेल तर रिव्हर्स चार्जने १८ टक्के कर तुमच्या बाजूने भरायचा येतो. क्रेडिट मिळतं का ते सीएला विचारा. म्हणजे शुल्काच्या आकड्यावर वीसेक टक्के मनात धरूनच क्लायंटला खर्च सांगा. लवकर भरल्यास सवलत असते, उशिरा भरल्यास दंडशुल्क, आणि दोन्हींतली तफावत बऱ्यापैकी असते. कुठे खर्च वाचवायचा तर इथे.

लंडनस्थ

वेळेचं मी सांगतो. लंडनची रात्री ११:५९ म्हणजे उन्हाळ्यात, मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर, भारतात दुसऱ्या दिवशी पहाटे ४:२९, हिवाळ्यात ५:२९. न्यूयॉर्कची ११:५९ उन्हाळ्यात आपली सकाळी ९:२९, हिवाळ्यात १०:२९. काही स्पर्धा मध्यरात्र न धरता तिथल्या संध्याकाळी पाचला खिडकी बंद करतात, ते फॉर्मवर बारीक अक्षरांत असतं.

आणि फॉर्म एका बैठकीत भरू नका. बऱ्याच ठिकाणी शब्दमर्यादेऐवजी अक्षरमर्यादा असते, मोकळ्या जागाही मोजल्या जातात आणि वर्डमधून चिकटवताना शेवटचं वाक्य गुपचूप कापलं जातं. सादर करण्याआधी प्रीव्ह्यू पीडीएफ उतरवून मोहिमेशी संबंध नसलेल्या कोणाला तरी वाचायला द्या. ड्राइव्हच्या लिंक असतील तर खाजगी विंडोत उघडून बघा. 'परवानगी मागा' अशी पाटी दिसली तर परीक्षक परवानगी मागत नाही, पुढची प्रवेशिका उघडतो.

शून्य_बजेट

समजलं. मोहीम न झालेला प्रभाग मोजलेला नाही, तिथेच अडलंय.

गणितमास्तर

मोहिमेच्या आधी आणि नंतर त्या प्रभागातून गोळा झालेल्या ओल्या कचऱ्याचं वजन काट्याच्या वहीत असेल. गाडीनिहाय नोंद असली तर प्रभागनिहाय निघते. नगरपरिषदेच्या आरोग्य विभागात आधी ती वही मागा, बाकी नंतर बघू.